पटावरची जागा

७ नोव्हेंबर १९६३, धामणगाव बढे

आले एकदाची. मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा केसांत कोळशाची कणी होती आणि एसटीत बसले तेव्हा मांडीवर शेजारणीचं कोंबडं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओट्या बांधून वाकलेल्या. मोताळ्याच्या पुढे मला डुलकी लागली, तर कंडक्टर म्हणतो, बाई, झोपल्या काय, धामणगाव येऊन राह्यलं. वाईला असं कुणी बोललं असतं तर वहिनीने आठवडाभर नक्कल केली असती. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. कुणीतरी मला उठवत होतं, घालवत नव्हतं.

बालसदन म्हणजे गावाबाहेरची कापसाची जुनी वखार. पत्र्याचं छप्पर, लांबलचक ओसरी, मागे विहीर आणि लिंबाचं झाड. आईबाप नसलेली, किंवा आईबाप तुरुंगात नाहीतर दवाखान्यात असलेली मुलं इथे राहतात. सरकार अनुदान देतं, गावातली संस्था चालवते, आणि आजपासून मी अधीक्षिका. येताना हा शब्द मी मनातल्या मनात किती वेळा म्हणून पाहिला असेन. नवऱ्याने टाकल्यापासून मी भावाकडे होते आणि त्या घरात माझ्या लुगड्याला स्वतःची खुंटीसुद्धा नव्हती. इथे मला खोली आहे, खोलीला आतून कडी आहे.

संस्थेचे चिटणीस नारायणराव स्टँडवर घ्यायला आले होते. अडतीचं दुकान चालवतात, बोलतात हळू, पण एकदा बोललेलं परत बोलत नाहीत. स्वयंपाकीण भिमाबाईने झुणका-भाकरी वाढली आणि वर असा ठेचा, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलं खो खो हसली. मीही हसले. पहिल्याच दिवशी इतकं हसणं झालं म्हणजे आपलं इथे जमणार.

फक्त एक गोष्ट. माझ्या आधी इथे मंजुळाबाई होत्या. त्यांना मुलं माय म्हणायची. माय अशी भाजी करायची, माय असं पांघरूण घालायची, दिवसभर तेच. मला बाई म्हणतात. मला हेवा वाटला. म्हटलं, द्वारके, पाय धुवायच्या आत सुरू झालं का तुझं?

११ नोव्हेंबर

नारायणरावांनी आज काम समजावून सांगितलं. सरकारला दर महिन्याला अहवाल लागतो. प्रत्येक मुलाचं वजन, शाळा, वागणूक, भेटायला कोण आलं, घरची स्थिती सुधारली का, मूल घरी परत पाठवता येईल का. मंजूर संख्येपेक्षा मुलं कमी झाली तर सदनाची मान्यता जाते आणि मुलं पांगतात, एक नागपूरला, एक औरंगाबादेला. अधीक्षिकेने सदनातच राहायचं. रजा मंजूर झाल्याशिवाय एक रात्र जरी बाहेर काढली तरी तोच दंड. जाता जाता एवढंच म्हणाले, की बाई, पटाले जपा.

मंजुळाबाईंचे अहवाल बुलढाण्याच्या कचेरीत वाखाणले जायचे म्हणे. जायचे असतील. मीही आजपासून अक्षर घोटायला घेतलं आहे.

इथे एक शबाना आहे. पाच-सहा वर्षांची, समोरचे दात पडलेले. तिचे वडील फारुख पिंजारी होते, कापूस पिंजता पिंजता छातीने गेले. आई शाहजादी क्षयाने बुलढाण्याच्या दवाखान्यात आहे. ही पोर काल काही न विचारता माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या बांगड्या फिरवत राहिली. मी हललेसुद्धा नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. माझ्या मांडीवर असं कुणी आजवर बसलं नव्हतं.

तिच्या वेण्या सकाळी इतक्या नेटक्या घातलेल्या असतात. कोण घालतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, रुख्मी.

१६ नोव्हेंबर

संध्याकाळी जेवणाआधी हजेरी होते. मुलं ताटं पुढ्यात घेऊन ओळीने बसतात, मी नाव घेते, ते हजर म्हणतात. रुख्मिणीचं नाव घेतलं की हजर येतं, पण कुठली मुलगी ती, हे काही माझ्या ध्यानात बसेना. आज मान वर करून बघत राहिले. हजर आलं, ओठ कुणाचेच हलले नाहीत. ओळीत एक ताट होतं, वाढलेलं, त्याच्यामागे कुणी नव्हतं.

भिमाबाईला विचारलं. ती भाकरी थापता थापता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगून मोकळी झाली. रुख्मी नावाची पोरगी होती. तिचा मामा तिला कापूस वेचायला म्हणून घेऊन गेला, तो फिरकलाच नाही. संख्या कमी पडणार, तपासणी जवळ आलेली. तेव्हा मंजुळाबाईंनी पोरींना शिकवलं, की नाव आलं की कुणीतरी हजर म्हणायचं. तपासनीस ताटंही मोजतात म्हणून ताटही वाढायचं. तेव्हापासून चालू आहे. इथली आजूबाजूची सगळी सदनं असंच करतात, ती म्हणाली. गेलेल्या पोरापायी राहिलेल्या पोरायले काऊन हाकलायचं?

मग आता हजर कोण म्हणतं, मी विचारलं. कोनीबी म्हनते, ती म्हणाली.

मी मुलींना एकेक करून विचारलं. प्रत्येक जण म्हणाली, मी नाही, रुख्मी म्हणते. मंजुळाबाईंनी खोटं बोलणं छान शिकवलं आहे पोरींना. असल्या बाईला माय म्हणायचं.

३ डिसेंबर

महिन्याचा अहवाल गेला. एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. दवाखान्यातून निरोप होता, की शाहजादीची प्रकृती चांगली सुधारते आहे, संक्रांतीच्या सुमाराला सोडू. मी अहवालात लिहिलं, मातेची प्रकृती अद्याप असमाधानकारक, मुलीस सदनातच ठेवणे हिताचे.

तिने पोरीला जन्म दिला, ठीक आहे. पण महिनाभर न्हाऊ-माखू मी घातलं. खोकल्यावर हळदीचं दूध मी दिलं. आणि ती येणार आणि हात धरून नेणार. मला हे सहन होत नाही, मी काय करू?

शबानाने आज भाकरीतला अर्धा तुकडा त्या रिकाम्या ताटात ठेवला. रुख्मीले भूक लागते, म्हणाली. मला कधी अर्धा दिला नाही.

१२ डिसेंबर

माझं निळं लुगडं फाडून शबानासाठी झगा शिवला. कॉलरला पांढरी पट्टी लावली. दिला, तर घालून आधी मागच्या ओसरीवर पळाली. मला वाटलं, मैत्रिणींना दाखवायला गेली असेल. जाऊन बघते तर एकटीच उभी, गिरकी घेऊन विचारते आहे, छान हाय नं? आणि समोर लिंबाचं झाड.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिवला, माझ्या डोळ्यांनी, माझ्या बोटांनी, आणि पसंती विचारायची ती कुणाला? नसलेल्या पोरीला.

संध्याकाळी सगळ्यांच्या देखत सांगितलं, की रुख्मिणी सदन सोडून गेली, तिचं नाव आजपासून बंद. ताट मी स्वतः उचलून चुलीमागे ठेवलं. कचेरीलाही खरं ते कळवून टाकलं. खरेपणासाठी केलं असं नारायणरावांना सांगेन. ते काही त्यासाठी नव्हतं.

नाव गाळून पुढे गेले तर मुलं माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी पोटच्या पोरीला घराबाहेर काढली.

२० डिसेंबर

नारायणराव आले, चहा घेतला नाही. म्हणाले, बाई, तुम्ही हे काय करून बसल्या, एक पोरगी कमी झाली, आता तपासणी तर होनारच. आणि मंजुळाबाई असत्या तर, एवढं बोलून थांबले. पुढचं बोलले असते तर बरं झालं असतं.

शबाना वेणी घालू देत नाही. केसांचा गुंता झाला आहे. रुख्मी कुठे गेली विचारते. मी म्हटलं, कुठे नाही, ती नव्हतीच. तर म्हणाली, हाये, जागा पाहून राह्यली.

मला कळेना. जागा कशाची, विचारलं तर बोटं चोखत बसली.

आता मला ती मंजुळाबाई बघायची आहे. वडनेर भोलजीला पुतण्याच्या घरी राहते म्हणे. बघायचंच आहे, तिच्यात असं काय आहे ते.

२३ डिसेंबर, वडनेर भोलजी

काहीच नाही. सुकलेली, ठेंगणी बाई, एका डोळ्यात फूल. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ही ती माय. बघून मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

मी कोण ते कळल्यावर तिने आधी विचारलं, नाव काढलं का तिचं. हो म्हटलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते. रुख्मी मामाबरोबर गेली तेव्हा तिने पोरींना हजर म्हणायला शिकवलं. थोडे दिवस पोरी हसत, एकमेकींना कोपर मारत म्हणायच्या. मग हसू थांबलं, शिकवायची गरज उरली नाही. होळीच्या सुमाराला खरी रुख्मी परत आली. एकटी, पाय सुजलेले, फाटकात उभी. पोरी तिच्याकडे बघून म्हणाल्या, की रुख्मी तर आत जेवून राह्यली, हे कोन हाय? मंजुळाबाईंनी आत जाऊन पाहिलं. आत रुख्मी जेवत होती. कपाळावरचा तीळसुद्धा तोच.

मग तुम्ही काय केलं, मी विचारलं.

बाहेरचीले भाकर देली अन् पाठवून देलं, ती म्हणाली. कोनती खरी, मले समजलं नाही बाई. अन् आतली जास्त गोड होती.

म्हणून नोकरी सोडली, म्हणाली. पुढे असं म्हणाली, की एखाद्याच्या जागी दुसऱ्याने हजर म्हटलं, की त्या जागेवर कोणी ना कोणी येऊन बसतं. नाव काढलं म्हणून ते जात नाही. दुसरी मोकळी जागा शोधतं.

शेवटची गाडी चुकली आहे. आजची रात्र इथेच. पडवीत बसून लिहिते आहे. आता जेवायला बोलवायला आली तेव्हा दारात उभी राहून विचारते, तुम्ही इथं हाय, तं तिथं तुमच्या जाग्यावर कोन हाय?

सगळं थोतांड. मला घाबरवून पळवायचं आणि मुलांनी पुन्हा हिलाच बोलवायचं. मी काय दूधखुळी आहे?

२४ डिसेंबर

सकाळच्या गाडीने परत. फाटकात भिमाबाई भेटली, मला बघून दचकली. बाई, आत्ता तं तुम्ही कोठीत होत्या, बाहेर कव्हा गेल्या?

काल संध्याकाळी तपासनीस आले होते. न कळवता, ऐन हजेरीच्या वेळी. मी नाही हे दिसलं असतं तर सदन बंद झालं असतं. साहेबांनी विचारलं, अधीक्षिका कुठे आहेत. भिमाबाईच्या तोंडून भीतीने निघून गेलं, बाई हजर हाये. तिच्या मागून सगळी मुलं म्हणाली, हजर हाये.

मग, मी विचारलं.

मंग काय, तुम्ही आल्या नं कोठीतून, ती म्हणाली. चहा केला साहेबाले.

बाईला थाप मारायची तर अशी मारावी. मी खूप हसले. दुपारी नारायणरावांनी पेढे पाठवले, एक पोरगी कमी असूनही साहेबांनी या खेपेला चालवून घेतलं म्हणून. साहेब म्हणाले म्हणे, इतकी मायाळू अधीक्षिका जिल्ह्यात पाहिली नाही, मंजुळाबाईंपेक्षा सरस.

हे वाक्य ऐकायला मी आल्या दिवसापासून जीव टाकत होते. आणि ते कुणाला मिळालं?

२७ डिसेंबर

शबानाच्या वेण्या घातलेल्या. नेटक्या, घट्ट, टोकाला निळी चिंधी. माझ्याच लुगड्याची.

कुणी घातल्या? म्हणाली, तुम्हीनंच तं.

मी नाही घातल्या. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, हो, तुम्ही नाही. ते दुसरी बाई. ते रागावत नाही. ते म्हणते, मले माय म्हन.

म्हणतेस, मी विचारलं.

हो.

मी तिच्या वेण्या उपसून सोडल्या. रडली. मीही रडले, पण ती माझ्या मांडीवर आली नाही. मागच्या ओसरीवर पळाली आणि जरा वेळात तिचं रडणं थांबलं. कुणीतरी थांबवलं.

३० डिसेंबर

पाहिली.

भर दुपारी, विहिरीपाशी. माझं तांबडं लुगडं, माझा अंबाडा, अंबाड्याखाली मानेवर माझा भाजल्याचा डाग. शबानाला पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावत होती. वाईकडची, माझ्या आईची ओवी गुणगुणत होती. ती मी इथे कुणापुढे म्हटलेली नाही.

आधी भीती वाटली नाही. आधी वाटलं ते हे, की ती माझ्यापेक्षा चांगलं तेल लावते. हलक्या हाताने. शबाना डोळे मिटून बसली होती.

तोंड दिसलं नाही. मी दगड उचलला होता. मग शबानाने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि तिच्या पोटाशी सरकली — तिच्या, माझ्या नाही — आणि मी दगड टाकून दिला.

४ जानेवारी १९६४

अहवाल लिहायला बसले. नारायणराव म्हणतात, गेला की. परवाच. तुम्हीच दिला, किती सुंदर लिहिलाय.

दुकानातली प्रत त्यांनी वाचून दाखवली. शाहजादीबद्दल — माता पूर्ण बरी, मुलगी आईकडे सोपवणे योग्य, कृपया मातेस कळवावे.

खरं आहे ते. तिने खरं लिहिलं. मी जे लपवलं ते तिने एका ओळीत लिहून टाकलं, आणि सगळे तिला द्वारकाबाई म्हणतात.

म्हणजे शाहजादी येणार.

६ जानेवारी

माझं ताट नाही. जागा आहे, ती तिथे बसते. मी ओसरीच्या टोकाला उभी होते. मुलं माझ्याकडे बघतात, मग आपापल्या भाकरीकडे बघतात.

मी शबानाला हाक मारली. आवाज दोन ठिकाणांहून गेला. ती तिकडे वळली.

खोलीला आतून कडी लावलेली.

७ जानेवारी

भिमाबाईने मागच्या दाराने भाकरी दिली. वर कांदा. म्हणाली, माय, कुठून आली तू, धामनगावची तं दिसत नाही.

भिमाबाई, मी द्वारका, म्हटलं. ती घाबरली नाही. तिला कीव आली माझी. जा माय, म्हणाली, बाई कोनाले आत घेत नाही.

अखेर मला इथे कुणीतरी माय म्हटलं.

९ जानेवारी, बुलढाणा, धर्मशाळा

शबाना माझ्याजवळ आहे.

सकाळी शाळेच्या वाटेवर गाठली. म्हटलं, चल, अम्मीकडे नेते. लगेच आली. मनात ठरवलं होतं, कचेरीत नेऊन उभी करायची, ही पोर खरं सांगेल, मी कोण ते. असं ठरवलं होतं, हे खरं. पण त्याहून खरं हे की शबाना त्या दुसरीला मिळू नये. तिलाही नाही, शाहजादीलाही नाही.

एसटीत माझ्या मांडीवर झोपली. माझ्या सगळ्या आयुष्यात याहून सुखाचा दिवस नाही.

कचेरीत तपासनीस साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाले, द्वारकाबाईंना मी चांगला ओळखतो, तुम्ही कोण? शबाना त्यांच्या टेबलावरचा टाचणीचा डबा हलवत होती. मी तिला म्हटलं, सांग. ती म्हणाली, हे बी बाई हाय. हे रागावते.

दवाखान्यात गेलो. शाहजादी नाही. बरी झाली, पोरीला न्यायला गेली, आज सकाळीच. रस्त्यात चुकामूक.

परतीची गाडी बंद पडली, आता उद्या.

संध्याकाळ झाली. शबाना चणे खाते आहे. तिकडे आता ओळी बसल्या असतील. नावं चालली असतील. तिचं नाव येईल आणि — पट कमी पडू नये म्हणून कुणीतरी —

नाही. मंजुळाबाई खोटं बोलतात.

पण मघापासून मी तिचे कान झाकून बसले होते. कशापासून?

१० जानेवारी, धामणगाव, स्टँड

आत्ता उतरलो. सदनात जाणारच होते. हिला शाहजादीच्या हातात देणार होते. खरंच देणार होते, रात्रभर मनाला तेच समजावलं —

पानाच्या टपरीपाशी शाहजादी. मी तिला कधी पाहिली नव्हती, पण ओळखू येते. हिचंच कपाळ, हिचेच डोळे. हडकलेली, नवा काळा बुरखा, पडदा वर टाकलेला. हसते आहे.

तिचा हात धरून शबाना.

निळा झगा. कॉलरला पांढरी पट्टी. वेण्या नेटक्या, एकही केस सुटलेला नाही. शाहजादी वाकून तिची पापी घेते. भिमाबाई पोचवायला आली आहे, पदराने डोळे पुसते.

माझ्या मांडीवर शबाना. तिचा झगा मळलेला, केस पिंजारलेले. ते मी पिंजारले.

मलकापूरची गाडी लागली. त्या चढायला निघाल्या.

हिने पाहिलं. अम्मी म्हणाली. आधी हळू. मग ओरडून. माझ्या हातातून सुटली — मी धरून ठेवली होती, घट्ट, तरी सुटली — पळत जाऊन बुरख्याला बिलगली.

शाहजादीने खाली बघितलं. मग हातातल्या पोरीकडे. मग पुन्हा खाली. ती दुसरी किती शहाण्यासारखी उभी आहे. रडत नाही, ओढत नाही. पडलेल्या दातांची फट दाखवून गोड हसते.

शाहजादीने हिचे हात सोडवले. हळूच सोडवले, वाईट बाई नाही ती. भिमाबाईला विचारते, किसकी बच्ची है, काऊन रडून राह्यली? भिमाबाई मान हलवते. मग माझ्याकडे बोट करते, ते बघ, त्या बाईसंगं उतरली.

कंडक्टर घंटी मारतो.

शाहजादी येते आहे. हिला हाताला धरून, माझ्याकडे. हिला मला द्यायला. मी उठून सांगायला हवं, ही तुझी आहे, ती सोड, ही घे, बाई, ही घे — आत्ता, गाडी सुटायच्या आत —

समोर उभी आहे. विचारते, बाई, ये आपकीच है ना?

शबाना माझ्याकडे बघते. पहिल्यांदा फक्त माझ्याकडे.

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, माझीच.